त्याचं शहर कोणतं?

"हसू नका," फोटोग्राफर पुन्हा म्हणाला. "व्हिसाच्या फोटोत दात चालत नाहीत."

मी तरी काय करणार? कॅमेऱ्यामागच्या बाकावर नंबर लावून बसलेला एक मुलगा इतका गंभीर चेहरा करून माझ्याकडे बघत होता, की मला हसू आवरेना.

"आधी यांना बाहेर बसवा," मी म्हणाले.

"बाहेर ऊन आहे," तो म्हणाला, आणि ढिम्म बसून राहिला.

शेवटी निघाले एकदाचे फोटो. दोन मापांचे, कारण माझं घोडं तिथंच अडलं होतं. दोन देश, दोन विद्यापीठं, दोन्हीकडे प्रवेश मिळालेला आणि होकार कळवायची तारीख तोंडावर आलेली. बाबांना जुनं, नावाजलेलं विद्यापीठ हवं होतं. आईलाही तेच, कारण त्या शहरात मावशी राहते. माझा जीव मात्र दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत अडकला होता. कमी ऐकू येणाऱ्या मुलांसाठी तिथे यंत्रं बनवतात. पण त्या शहरात मला काळं कुत्रंही ओळखत नव्हतं.

फोटो छापून होईपर्यंत हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला सांगून टाकलं. मला बोलायला निमित्त पुरतं.

"गंमत आहे," तो म्हणाला. "या दोनपैकी एका शहरात मीही चाललोय. पूल बांधायला शिकणार आहे."

"कोणत्या?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "ते... तुमचं ठरल्यावर सांगेन."

मी त्याचं नाव गुप्तहेर ठेवलं.

फोटोंचं माप चुकलं म्हणून दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तिथे जावं लागलं. तोही आला होता. कशासाठी, ते त्याला धड सांगता येईना. मग शेजारच्या कॉफीच्या दुकानात बसणं आलं, आणि तिथे रोज बसणं आलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं कोण जाणे.

मी त्याला नाना तऱ्हेने खोदून पाहिलं. एका शहरात हाडं गोठवणारी थंडी, दुसऱ्यात समुद्र.

"स्वेटर किती घेतलेस रे?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मला थंडी कमी वाजते."

"पोहता येतं का?"

"बुडण्यापुरतं." वर कपाआडून हसायचा. "ते राहू दे. त्या यंत्रांचं सांग ना. गोंगाटात आईचा आवाज वेगळा कसा ऐकू येणार त्या पोरांना?"

झालं, मी सुरू. कॉफी थंडगार व्हायची.

एकदा मात्र मी हट्टालाच पेटले. "सांग ना... मलाही ठरवायला सोपं जाईल."

तो हसला नाही. "म्हणूनच नाही सांगत. माझ्यामागे आलीस, आणि तिथल्या शिकण्यात मन नाही रमलं, तर तू मला कधी माफ नाही करणार."

मला राग आला. मग राग ओसरला आणि खाली काय होतं ते दिसलं. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मी दोन कप कॉफी प्यायले आणि घरी येऊन सगळ्यांवर डाफरले.

त्याच आठवड्यात मी प्रयोगशाळेला होकार कळवला. आईने लगेच मावशीला फोन लावून माझी तक्रार केली. बाबा जेवून उठले. हात धुताना म्हणाले, "तिथे राहायची सोय कशी असते, ते बघून ठेव."

संध्याकाळी बसथांब्यावर मी त्याला गाठलं. वाऱ्याने केस तोंडावर येत होते.

"ठरलं. प्रयोगशाळा."

त्याचा चेहरा उजळला. मग तो रस्त्याकडे बघू लागला. "छान," तो म्हणाला. "खरंच छान झालं."

"आणि तू?"

"मावशीला काही पाठवायचं असेल तर सांग," तो म्हणाला. "मी नेऊन देईन."

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं तुला? आणि तरी रोज मला त्या यंत्रांबद्दल विचारत होतास?"

"तू त्यावर बोलायला लागलीस की तुझ्याकडे बघत राहावंसं वाटायचं... काय करणार?" तो म्हणाला. "एकदा वाटलं, सांगूनच टाकावं. माझ्याच शहरात ये म्हणावं. त्या दिवशी मी आलोच नाही."

माझे डोळे भरून आले, आणि हसूही आलं. आता लपवण्यासारखं काय राहिलं होतं?

"मला तू आवडतोस," मी म्हणाले. "खूप. आणि तरीही मी तिकडेच जाणार आहे."

"मलाही तू खूप आवडतेस," तो म्हणाला. "तिकडे जाणारीच."

बस आली आणि आम्हाला न घेताच गेली. मी एका हाताने त्याचा हात धरला आणि दुसऱ्याने घरी फोन लावला, यायला उशीर होईल म्हणून.

"कोण आहे सोबत?" बाबांनी विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं, आणि बाबांना सगळं सांगून टाकलं.