एक, शून्य, उणे एक

साहेब, पाप तुमचंच आहे. माणसाची अक्कल तुम्ही ओळींनी मोजलीत. प्रोग्रामच्या जास्त ओळी लिहील तो हुशार, कमी लिहील तो कामचुकार, आणि खोडेल त्याच्या नावापुढे उणे! असला तक्ता भिंतीवरच्या स्क्रीनवर झळकवताना लाज कशी वाटली नाही? त्या तक्त्यात ऑफिसमधली ती एक मुलगी सगळ्यांच्या वर, म्हणून तुमची लाडकी.

त्या दुपारी ती चाचणीच्या खोलीत आली. टेबलावर लिफ्टचा हातभर उंचीचा नमुना होता. तो चालवणारा सी या संगणकभाषेतला प्रोग्राम तिचाच. तिनं खालच्या मजल्याचं बटण दाबलं... आणि लिफ्टबाई निघाल्या वर! धाडकन छताला.

"स्वर्गात निघालीय वाटतं," मागून आवाज आला.

परवाच रुजू झालेला मुलगा. हसू ओठांत दाबलेलं, डोळ्यांतून सांडत होतं.

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"मला नाही. पण तिला तरी विचारायचं, कुठे जायचंय ते!"

रागवायचं ठरवलं होतं तिनं. हसू आगाऊ निघालं.

चूक तिचीच होती. 'वर'चा तुकडा उचलून 'खाली'च्या जागी चिकटवलेला, बदलायचा राहून गेलेला. पुढच्या मजल्याचा आकडा मोठा असेल तर एक, म्हणजे वर; नाहीतर लहान असेल तर उणे एक, म्हणजे खाली; नाहीतर शून्य, म्हणजे थांब... अशा जर-तरच्या लांबलचक शिड्या तिनं जागोजागी उभ्या केल्या होत्या.

तो खुर्ची ओढून बसला. "नुसती तुलना केली तरी सी उत्तर देते. खरं असेल तर एक, खोटं असेल तर शून्य. हातात आलेलं उत्तर पुन्हा कशाला विचारायचं?"

त्यानं शिडी पुसली. तिथे एवढंच लिहिलं —

(पुढचा > आत्ताचा) - (पुढचा < आत्ताचा)

ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली. वर जायचं... एकातून शून्य गेलं, एक. खाली... शून्यातून एक गेला, उणे एक. आणि आहे तिथेच... शून्यातून शून्य.

तिनं बटण दाबलं. लिफ्ट वर गेली. खाली आली. अलगद थांबली.

तिच्या अंगावर काटा आला. एवढंसं? हे सगळं कायम तिच्या बोटांखाली होतं, आणि तिनं कधी वळून पाहिलंच नव्हतं! घाट चढून वळण घ्यावं आणि एकदम समुद्र दिसावा, तशी ती बघतच राहिली. आधी त्या ओळीकडे... मग त्याच्याकडे.

"पुन्हा दाखव ना," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, कुणालाच कळलं नाही.

"ओळ दाखवू, की चेहरा?"

"आगाऊ!" पण तिनं नजर हटवली नाही.

मग रोज दुपारी ती खोली, ते दोघं. तो तिच्या शिड्या पाडायचा, ती मुद्दाम वाद घालायची. लिफ्ट चुकेनाशी झाली, आणि ओळी खोडल्याबद्दल तक्त्यात तो तळाला गेला. साहेब, तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावलंत. "उद्यापासून येऊ नका."

तो सामान भरायला लागला. ती जागेवर बसली आणि उरलेल्या सगळ्या शिड्या स्वतःच्या हातानं पाडल्या. तिचं नाव धडाधड घसरत त्याच्याही खाली गेलं, तेव्हा तुम्ही ओरडत बाहेर आलात.

"हे काय करून ठेवलंस?"

"काम केलंय, साहेब. तुमच्या हिशेबानं आता सगळ्यात नालायक मी. आधी मला काढा."

सगळं ऑफिस खुर्च्या वळवून बघायला लागलं.

तो पिशवी खांद्याला लावून दारात उभा होता. "वेडी आहेस का? घरी आईला काय सांगशील?"

"तेच ठरवायचंय." ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला तू आवडतोस. नोकरी राहो, नाहीतर खड्ड्यात जावो. आज तुला घरी नेऊन आईसमोर उभं करायचंय मला... पण कोण म्हणून? तुला मी हवी आहे का? सगळ्यांसमोर विचारतेय, सगळ्यांसमोर बोल!"