फाईल दुसऱ्या टेबलावर

सुईला भिणारी माणसं प्रियदर्शनी दारातूनच ओळखायची. बाही वर करता करताच ती छताकडे बघू लागतात, जणू वर काही महत्त्वाचं लिहिलेलं आहे. धंतोलीतल्या लॅबमध्ये त्या सकाळी खुर्चीत बसलेला निळ्या स्वेटरचा माणूस तर त्याच्याही पुढचा निघाला. त्याने डोळे गच्च मिटले होते आणि सांगण्याआधीच मूठ आवळली होती.

तिचा एक कान मात्र घरकर्ज विकणाऱ्या मुलीच्या फोनवर होता. ट्यूबवर नाव लिहिता लिहिता ती हळूच म्हणाली, "म्हणजे व्याज कमी, आणि वर फिक्स?"

"किती दिवस फिक्स, ते विचारा," मिटल्या डोळ्यांचा माणूस बोलला.

ती थबकली. मग तिने विचारलं. पलीकडची गोड बोलणारी मुलगी जरा कमी गोड झाली. पहिली दोन वर्षं, मॅडम, पुढे बाजारभावाप्रमाणे. प्रियदर्शनीने फोन ठेवला.

"तुमाले कसं माहीत?"

"मी तेच काम करतो. प्रताप नगरच्या बँकेत, लोनच्या टेबलावर." त्याचा एक डोळा किंचित उघडला, त्याने सुई पाहिली, पुन्हा मिटला. "झालं का?"

"सुरूच नाही केलं अजून."

"मग... काहीतरी बोलत राहा."

ती बोलत राहिली, आणि बोलता बोलता रक्त काढून मोकळी झाली. दुर्गेश निमजे, ट्यूबवरचं नाव तिने पुन्हा एकदा वाचलं. गरज नव्हती.

"रिपोर्ट मोबाईलवर येईल."

"मले कागदावर लागते."

"कागदावर आमच्याकडं म्हातारेच मागतात."

"मग म्हातारा समजा. संध्याकाळी येतो."

तो आला. दोन दिवसांनी ती बँकेत गेली. देणं-घेणं सुरू झालं की लोक हिशेब ठेवतात. या दोघांनी तेवढा ठेवला नाही.

बँकेतलं तिचं काम मात्र खरं होतं. वडील, लहानू, कळमन्याच्या बाजारात पोती उचलायचे. ते गेले, आणि महिना संपायच्या आत घरमालकाने खोली मागितली. तेव्हापासून आई, कौसल्या, अन् ती भाड्याच्या खोल्या बदलत आल्या होत्या. आता बेसाकडे एका नव्या बिल्डिंगमध्ये तिने वरच्या मजल्यावरचा फ्लॅट इसार देऊन धरला होता. डिसेंबर संपायच्या आत कर्ज मंजूर झालं नाही, तर फ्लॅट दुसऱ्याला जाणार होता आणि इसारही बुडणार होता.

दुर्गेशने कोरा कागद घेतला. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातलं बहुतेक व्याजातच कसं जातं, मुद्दल मुंगीच्या पावलाने कसं सरकतं, आणि मग कधीतरी पारडं कसं फिरतं, हे त्याने रेघा ओढून दाखवलं. फ्लोटिंग घेतलं तर व्याजदर वरखाली होईल, पण हाती जास्तीचे पैसे आले की भरता येतील, त्यावर दंड नाही. वर्षाला एखादा जादा हप्ता भरला तर शेवटची कितीतरी वर्षं गळून पडतील. घर बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीही थोडी कमी.

ती बघतच राहिली. कॉलेजात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिला, तेव्हा असंच झालं होतं. लाल पाणी म्हणून ज्याला आपण भीत आलो, त्याच्या आत एवढं सगळं शिस्तीत वाहत असतं?

"असं काय पाहून राहिल्या?"

"कर्जाकडं पाहून राहिले," ती म्हणाली. ते अर्धंच खरं होतं.

"तुमचं राहतं घर तपासायला मी एखाद्या दिवशी येईन. न सांगता यावं लागते, बँकेचा तसा रिवाज आहे."

आणि तो न सांगता आला तो नेमका रविवारी. त्याच रविवारी शामलामावशीने पाहिलेलं एक स्थळ यायचं होतं, संध्याकाळी. दुर्गेश सकाळीच दारात उभा राहिला, तेव्हा कौसल्याबाईंना वाटलं, स्थळाच्या मुलाला घाई झाली असेल.

सकाळची ड्यूटी आटोपून प्रियदर्शनी घरी पोचली तर साहेब दिवाणावर. हातात तिखट रश्श्याच्या तर्री पोह्यांची बशी, नाक लालबुंद, डोळ्यांत पाणी.

"अवं, केस तरी नीट करून यायचे होते," आई कुजबुजली. "पाहुणे केव्हाचे वाट पाहून राहिले."

"आई... हे बँकेतले साहेब आहेत."

कौसल्याबाईंनी पाहुण्याकडे नीट पाहिलं.

"मग तुमी काहून नाही सांगितलं गा? मी पगार विचारला, तुमी सांगितला. घर विचारलं, उमरेडचं सांगितलं. बापाचा हातमाग होता, त्या खोलीत आता फ्रिज ठेवला, तेही सांगून टाकलं."

"तुम्ही विचारत गेल्या, काकू... मी सांगत गेलो."

"आमी जयभीमवाले, हे तर मी दारातच सांगितलं होतं."

"हो. मी पण जय भीम म्हटलं."

कौसल्याबाईंनी त्याच्या बशीत आणखी एक डाव तर्री ओतली. त्यांचा हिशेब त्यांनी तिथेच पुरा केला असावा. मुलीने मात्र पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि पाणी आणायला आत गेली. पाणी बाहेरच होतं.

बुधवारी त्याचा फोन आला. आवाज कोरडा होता. "तुमची फाईल मले नाही करता येणार."

ती लॅबच्या कोटातच बँकेत पोचली.

"घरात काही कमी दिसलं?"

"नाही."

"माझा पगार पुरत नाही?"

"पुरते." तो पेनचं टोपण काढत होता, लावत होता. "ज्याच्याबद्दल आपल्या मनात काही आहे, त्याची फाईल आपण तपासायची नाही, असा नियम आहे. मी साहेबांना सांगितलं. फाईल नूपुर मॅडमकडं गेली."

"मनात... काय आहे?"

"ते साहेबांसमोर एकदा बोलून झालं. परत बोलायले जरा वेळ लागन."

ती लाल झाली. मग त्याहून जास्त लाल झाली, रागाने. "साहेबांना सांगितलं, अन् मले नाही विचारलं? महिना संपून राहिला. मॅडमनं पहिल्यापासून तपासलं अन् नाही म्हटलं, तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते मी ऐकून घेईन." त्याने पहिल्यांदा सरळ तिच्याकडे पाहिलं. "पण तुमची फाईल माझ्या टेबलावर असताना मी विचारलं असतं, तर तुम्ही नाही कसं म्हटलं असतं?"

चावी, पावती, सही, आजवर ज्याच्या ज्याच्या हातात प्रियदर्शनीचं काही होतं, त्याने तिला धाकात ठेवायला ते जरा हलवून दाखवलं होतं. खोलीचे मालक हलवून दाखवायचे, पहिल्या लॅबचे डॉक्टर दाखवायचे. या माणसाने ते उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवून दिलं होतं आणि रिकाम्या हातांनी समोर बसला होता. असंही कोणी करतं... भर बँकेत तिला एकदम खूप उंच जागी उभं राहिल्यासारखं वाटलं.

"उत्तर आज नाही देणार," ती म्हणाली.

"आज मागितलंही नाही."

नूपुर मॅडम हसत नसत. त्यांनी जुन्या पगारपट्ट्या मागवल्या, नाइट ड्यूटीचा भत्ता धरला नाही, रक्कम थोडी कापली, मुदत थोडी वाढवली. प्रियदर्शनीने कानातले मोडून फरक भरला. डिसेंबर संपता संपता मंजुरी आली.

दुसऱ्या दिवशी ती आईला घेऊन फ्लॅटवर गेली. दुर्गेशनेच रिक्षा आणली. पण तो खाली गेटपाशीच थांबला. वर माझं काय काम, म्हणाला.

दारं अजून बसली नव्हती. तरी कौसल्याबाईंनी चौकटीबाहेर चप्पल काढली. सिमेंटच्या धुळीत अनवाणी चालत त्या प्रत्येक भिंतीला हात लावत गेल्या. खिडकीच्या मोकळ्या चौकोनातून ऊन थेट आतपर्यंत आलं होतं. त्यात त्या उभ्या राहिल्या.

"हे... आपलंच का वं?"

"बरंचसं बँकेचं. बाकीचं आपलं."

आई हसली नाही. भिंतीला पाठ टेकून खाली बसली आणि नुसती छताकडे पाहत राहिली, देवळात नव्हे, विहारात बसावं तशी. प्रियदर्शनी गॅलरीत गेली. खाली निळा स्वेटर मान वर करून उभा होता. तिने फोन लावला.

"वर या."

"काही काम आहे?"

"नाही. तुमच्याकडं आता माझं काहीच काम राहिलं नाही."

खालचा माणूस अगदी स्तब्ध झाला. वरून तिला ते स्पष्ट दिसलं, आणि तिने ते थोडा वेळ दिसू दिलं.

"म्हणूनच तर बोलावून राहिले," ती म्हणाली.

लिफ्ट चालू व्हायची होती. रिकाम्या बिल्डिंगमध्ये पावलं वाजू लागली, आधी सावकाश, मग भराभर, मजल्यामागून मजला घुमत वर येणारी.

"कोण येऊन राहिलं वं?" आईने विचारलं.

"आपल्याकडचा पहिला पाहुणा."

"पाहुणाच म्हणायचं का अजून?"

प्रियदर्शनी दार नसलेल्या दारात जाऊन उभी राहिली.