उदबत्तीचा धूर कुणीकडे जातो

अज्ञानातून विचारलेला प्रश्न निर्दोष असतो. परंतु विचारणारा कुठे आहे हे न जाणता दिलेले उत्तर, शास्त्रशुद्ध असूनही, अपराध ठरू शकते. डॉ. यामिनी टिळेकरांना हे उमगले, तेव्हा ‘सहज शंका’ हा त्यांचा पॉडकास्ट प्रक्षेपित होऊन चाळीस मिनिटे झाली होती.

प्रश्न साधा होता : “उदबत्तीचा धूर सरळ वर का जात नाही? भिंतीकडे का पळतो?” यामिनीबाईंनी प्रसन्नपणे सांगितले होते, “तुमचा पंखा त्याला ओढतो. दार लावा, पंखा बंद करा आणि स्वस्थ पडून पाहा.” प्रत्येक उत्तराशेवटी असा घरगुती प्रयोग सांगण्याची त्यांची रीत होती. लहानथोरांना सारखाच मान मिळावा म्हणून प्रश्नांवरचे नाव-गाव झाकून ठेवण्याचा नियमही त्यांचाच.

आभारपत्रांसाठी ध्वनिमुद्रक हणमंतराव काटवट्यांनी नावे उघडली आणि ते दचकून म्हणाले, “बाई, या द्वारकाबाई सोनटक्के गुरू ग्रहाजवळ पोहोचलेल्या अंतराळनौकेत आहेत हो. लेकीच्या बाळंतपणाला चालल्यात.”

यामिनीबाई ताडकन उठल्या. “तिथे वजन नाही, हणमंतराव. ऊन हवा वर चढत नाही, कारण तिथे ‘वर’ असे काही नाहीच. पंखा थांबला की सोडलेला श्वास तोंडापुढेच साचतो. श्वासमेघ! माणूस पुन्हा तोच ओढतो, गुंगी येते. आणि मी त्यांना पडून राहा म्हटले!”

“धोक्याची घंटा असेल की!”

“ती भिंतीवर. स्थिर हवेत श्वासमेघ तिथवर जाणारच नाही.”

“मग कळवू लगेच!”

“कळवाच. पण प्रकाशाला तिथे जायला त्रेचाळीस मिनिटे लागतात. माझी चूक अजून वाटेतच आहे; तीन मिनिटांनी पोहोचेल. इशारा तिच्यामागून चाळीस मिनिटांनी. प्रकाशाला मागून गाठणारे काही नाही.”

“इतकं गोड बोलता कशाला? लोक ऐकतात ना!” हणमंतराव चिडून बोलले आणि लगेच ओशाळले.

इशारा सुटला. यामिनीबाई घड्याळासमोर बसून राहिल्या. त्रेचाळीस मिनिटांपलीकडे एक स्त्री त्यांच्या शब्दावर विश्वासून दार लावत होती, आणि त्यांना ओरडताही येत नव्हते.

इशारा सुटल्यापासून त्रेपन्नाव्या मिनिटाला यंत्र खणखणले. इशाऱ्याचे उत्तर यायला अजून तेहेतीस मिनिटे होती.

“रागावू नका बाई, पण तुमचं उत्तर साफ चुकलं,” द्वारकाबाईंचा ठसठशीत आवाज आला. “पंखा बंद करून पडले. धूर वर गेलाच नाही, उदबत्तीभोवतीच गोळा झाला. आणि थोड्या वेळात ती आपोआप विझली! चांगली कोरडी होती हो. मनात आलं, हिला पुरली नाही ती हवा मला तरी कशी पुरेल? आधी पंखा लावला, मग हे बोलतेय. आता सांगा, का विझली?”

ज्या नियमाने घात मांडला होता, त्यानेच आधी विस्तव निजवून बाईंना उठवले होते. यामिनीबाईंनी डोळे पुसून हात जोडले.

“तुमच्या खोलीत वारा खेळता राहो, द्वारकाबाई,” त्या पुटपुटल्या, “आणि लेकीच्या बाळाचा पहिला श्वास मोकळा येवो.”