ऐरणीवर जळणारी मुलगी

भंगाराच्या ढिगात दोघांनी एकाच वेळी एकाच घणावर हात टाकला. दांडा मोडलेला, गंज चढलेला, दोन मुठींएवढा घण. त्याच्या हाताखाली घण होता आणि घणाखाली तिचं बोट.

"हात काढा," ती म्हणाली.

"आधी तुम्ही घण सोडा."

"सोडला असता हो… पण बोट आत आहे."

प्रेमकथेतला नायक अशा वेळी बोटावर फुंकर घालतो. याने घण उचलून उजेडात धरला, नखाने गंज खरवडला आणि म्हणाला, "पोलाद चांगलं आहे." बोट त्याला नंतर दिसलं.

तो कुलूपवाला. कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या घडवायचा. ती डूलवाली. पितळेच्या पत्र्यातून नखाएवढी पानं कापून त्यांचे कानातले डूल करायची. बारीक काम ठोकायला दोघांनाही टेबलावर मावेल अशी छोटी ऐरण हवी होती.

"सध्या मी इस्त्री उलटी ठेवून तिच्यावर ठोकते," तिने सांगितलं. "आईला कपडे आठवले की धंदा बंद."

"मग असं करू. या घणाची ऐरण मी करतो. दोघांची. सकाळी तुमची, दुपारी माझी."

"आणि बोट?"

"ते पूर्णवेळ तुमचंच."

ती तिथे हसली नाही. घरी जाऊन हसली, तेही इस्त्रीकडे बघून. आईने कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. आयुष्यभर दुसऱ्यांना ठोकत आलेला तो घण आता स्वतः ठोके खाणार होता, आणि या बदलीत त्याची 'तो'ची 'ती' होणार होती. सगळा घोटाळा तिथेच झाला.

आपला अर्धा वाटा बघायच्या निमित्ताने डूलवाली रोज संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊ लागली. तो कानशीने घणाचं एक तोंड सपाट करत असायचा, दुसरीकडे निमुळतं नाक काढत असायचा. मग पॉलिश पेपर… आधी खरखरीत, मग बारीक, मग इतका बारीक की कागद आहे की नुसता विचार, ते कळू नये.

"बघा, हिचं तोंड कसं उजळलंय," तो म्हणायचा आणि अंगठा असा फिरवायचा, की डूलवालीच्या गालाला उगाच काहीतरी व्हायचं.

एका संध्याकाळी ती स्वतःच्या हातचे सगळ्यात सुंदर डूल घालून गेली. त्याने मान वर केली. बघितलं… बघतच राहिला…

"जरा सरकता का? हिच्यावर सावली पडतेय."

ती सरकली. पण मनात ठिणगी पडली ती पडलीच. एखाद्या मुलीवर जळणं समजण्यासारखं आहे. मैत्रिणीला सांगता तरी येतं. लोखंडावर जळतेय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि ती बया दिवसेंदिवस देखणी होत चालली होती. भट्टीत लालबुंद केली, तेलात बुडवली, तेव्हा असा फुत्कार सोडला की तो कौतुकाने म्हणाला, "काय नखरा आहे." डूलवालीने आजवर एवढा नखरा केला असता, तर दुकानातून हाकललं असतं तिला.

शेवटी ऐरण ओंडक्यावर बसली. आता रोज येऊन बघण्यासारखं काय उरणार, या काळजीत डूलवाली दाराशी आली आणि थबकली. आत तो त्याच्या आत्याशी बोलत होता. आत्या कानाने अधू, त्यामुळे त्यांच्या घरातलं गुपित आधी गल्लीला कळायचं.

"जरा फटकळ आहे, आत्या. पण आवाज कसा… खणखणीत."

"तापट आहे का रे?"

"तापली की लाल होते. निवायला वेळ लागतो. पण मला आता तिच्याशिवाय करमत नाही. घरी आणणार आहे तिला. कायमची."

आत्या मागच्या घरात गेल्या. डूलवाली दुकानात आली.

"करवत कुठंय?"

"कशाला?"

"वाटणी करायचीय. माझी अर्धी मी नेते. तुमची अर्धी तुम्ही घरी न्या. कायमची."

त्याने करवत दिली. ती कापत सुटली. पात्याचे दात गेले, पण तेल प्यायलेल्या त्या सवतीला ओरखडाही उठला नाही. उलट चकाकली मेली.

"ऐकलंत तुम्ही," तो म्हणाला.

"गल्लीने ऐकलं."

"ते हिच्याबद्दल नव्हतं."

"फटकळ म्हणालात."

"ऐरण बोलते का?"

"ठोकली की बोलते."

"लाल होते म्हणालो…"

"माझ्यादेखत झाली."

"निवायला वेळ—"

"तेलात बुडवूनसुद्धा लागला."

तो स्टुलावर बसला. किल्लीला भोकच नसलेलं कुलूप त्याने पहिल्यांदाच पाहिलं. प्रश्न आता खरोखरच ऐरणीवर आला होता.

"दुपार कलली की दार वाजायची वाट बघतो मी," तो हळूच म्हणाला. "ऐरण दार वाजवते का?"

तिने विचार केला. धातूकामातलं जे जे येत होतं ते सगळं आठवून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "दार नाही वाजवत."

"तयार तर ती मागच्याच आठवड्यात झाली होती. तुम्ही येणं थांबवाल म्हणून नुसता घासत होतो… आणखी महिनाभर घासली असती तर टाचणी उरली असती."

तिने करवत खाली ठेवली. त्याच्या नखांत काळं तेल होतं, तिच्या बोटांवर पितळेची पूड. दोघांचे हात एकमेकांपासून कानशीएवढ्या अंतरावर होते. मग तेही राहिलं नाही.

"तुम्ही नको म्हणूस," ती म्हणाली. "तू म्हण."

आतून आत्यांनी हाक दिली, "काय म्हणते रे ती?"

त्याच्याआधी तिनेच, आत्यांना ऐकू जाईल एवढ्या जोरात सांगितलं, "हो म्हणते."

समोरच्या दुकानातून कुणीतरी विचारलं, "कोण, ऐरण?"