डब्याचा नकाशा

"तिसरा डबाही गेला," मिस्त्री म्हणाले आणि हात पुसायला लागले. मिस्त्रींनी फडकं हातात घेतलं, की त्यांच्या बाजूने विषय संपलेला असतो.

डबा म्हणजे आत्याच्या डर्ट बाइकच्या इग्निशनचा डबा. काडेपेटीहून थोडा मोठा, काळा, चारी बाजूंनी बंद. नेमक्या क्षणी प्लगला ठिणगी द्यायची, एवढंच त्याचं काम. पण ठिणगी नाही तर गाडी म्हणजे दोन चाकांचं ओझं.

"नवीन मागवा ना," बुवा म्हणाला.

"कंपनीने बनवणंच बंद केलंय. हा शेवटचा होता. ताई, माझं ऐका, गाडी विकून टाका."

आत्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. रविवारी शर्यतीच्या संघाची निवड होती. सहा वर्षं ती त्यासाठी चिखल खात होती, आणि आज गुरुवार होता. निवडीला स्वतःची गाडी घेऊनच उतरायचं, असा नियम होता.

गॅरेजात तेव्हा सुट्टीतली फौज हजर होती. बुवा, वय तेरा, चेहरा कायम गंभीर म्हणून बुवा. त्याची बहीण भिंगरी, वय दहा, एका जागी बसल्याची नोंद नाही. आणि आत्याची मुलगी वहीवाली. आईच्या सरावाची प्रत्येक फेरी, प्रत्येक पडणं, प्रत्येक दुरुस्ती तिच्या वहीत तारखेसह असायची.

"मिस्त्रीकाका, मेलेले तिन्ही डबे आम्हाला द्याल?" वहीवालीने विचारलं.

"खेळायला? न्या की. पण आतलं काही कळायचं नाही हं. मला बारा वर्षांत कळलेलं नाही."

हे त्यांनी छाती फुगवून सांगितलं. वहीवालीने तेही मनात टिपून ठेवलं.

डबे गेले शेजारच्या रेडिओवाल्या आजोबांकडे. आयुष्यभर त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. आता हात थरथरायचे, त्यामुळे सोल्डर धरता येत नव्हतं. जीभ मात्र ठणठणीत होती.

"यातला कपॅसिटर म्हणजे विजेची टाकी," ते म्हणाले. "गाडी बंद असली तरी भरलेली असू शकते. आधी ती मी रिकामी करणार. तोवर तिघांचे हात पाठीमागे."

मग हेअर ड्रायरने आत ओतून घट्ट झालेला काळा लगदा मऊ करायचा आणि बांबूच्या काडीने खरवडायचा, असा उद्योग सुरू झाला. पहिला डबा भिंगरीने दहा मिनिटांत मोडला.

"तरी बरं, तीन आणलेत," बुवा म्हणाला.

"मी काडी हळूच घातली होती."

"ती काडी होती? मला पहार वाटली."

दुसरा डबा नीट उघडला. आत सर्किटची हिरवी पट्टी, तिच्यावर मोजून अकरा भाग. पण भागांवरचे नंबर घासून टाकलेले.

"दुसऱ्या कोणी नक्कल करू नये म्हणून," आजोबा हसले. "नंबर पुसलेत, तारांचे पाय तर ठेवलेत ना? मोजा."

सगळा शुक्रवार त्यात गेला. दोन पाय आतून जोडलेले असले की मल्टिमीटर वाजतो. भिंगरी त्याच्या सुया पायांच्या एकेका जोडीला लावायची, "वाजलं" किंवा "नाही वाजलं" म्हणायची, आणि बुवा कागदावर रेघ ओढायचा. दिवसभरात भिंगरी दोनदाच उठली. वहीवालीने त्याचीही नोंद केली.

संध्याकाळी आजोबांनी नकाशा चष्म्याजवळ धरला. "रेखीव आहे. फक्त वीज उलटी वाहते."

बुवाचा चेहरा पडला. दिवसभराची मेहनत. पट्टी त्याने हातात फिरवून फिरवून पाहिली, पण चूक सापडेना. शेवटी भिंगरीने कागद ओढला आणि खिडकीच्या काचेवर पालथा चिकटवला. "आपण पट्टीच्या पोटाकडून काढलं रे, म्हणून डावं-उजवं उलटलं. आता बघ." उजेडात रेघा पलीकडून दिसल्या आणि सगळं जागेवर आलं.

इंजिनाकडून येणारी वीज डायोडमधून टाकीत भरायची. डायोड म्हणजे झडप, वीज आत सोडणार, मागे येऊ देणार नाही. मग एक छोटा इशारा आला की थायरिस्टर नावाचं दार उघडायचं, टाकी एका झटक्यात रिकामी, आणि ठिणगी.

"एवढंच?" भिंगरी म्हणाली. "झडप, टाकी आणि दार?"

"बारा वर्षं एवढंच होतं," वहीवाली म्हणाली.

मोजल्यावर दिसलं की झडप आणि दार दोन्ही जळालेत. तिसरा उघडला, त्यातही तेच. मोडलेल्या पहिल्यातही तेच.

"नुसते जुने होऊन गेले असते, तर प्रत्येकात वेगळं काही जळलं असतं," बुवा म्हणाला.

वहीवाली वही चाळत होती. डबे मेल्याच्या तीन तारखा होत्या, आणि तिन्हींच्या आदल्या दिवशी एकच ओळ होती: फूटरेस्ट तुटला, वेल्डिंग केलं. तिने नकाशावर बोट ठेवलं. डब्याची एक तार गाडीच्या सांगाड्याला जोडलेली होती. बोट त्या तारेवरून सरकत थेट दारापाशी थांबलं.

शनिवारी सकाळी आजोबांच्या खणातून चांगली झडप आणि चांगलं दार निघालं. वहीवालीने ते तिसऱ्या डब्यात सोल्डर केलं, आणि फौज आत्याला घेऊन गॅरेजात पोहोचली. तिथे चार गिऱ्हाइकं बसली होती.

"मिस्त्रीकाका, वेल्डिंगच्या आधी गाडीचं काय काय काढून ठेवता?" भिंगरीने भोळेपणाने विचारलं.

मिस्त्री खुशीत आले. ऐकणारे होते ना. "पेट्रोलची टाकी. बाकी कशाला हात लावत नाही. बारा वर्षं हीच पद्धत."

"आणि डबा?"

"तो कशाला? तो कुठे पेट घेतोय?"

बुवाने नकाशा पुढे केला. "काका, वेल्डिंगचा करंट सांगाड्यातून जातो. तिथून या तारेने डब्यात. आधी दार जळतं, मग झडप. तीनदा झालंय, तारखा वहीत आहेत."

मिस्त्रींनी नकाशा पाहिला, वही पाहिली. सवयीने फडकं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"लावा डबा," ते हळू आवाजात म्हणाले.

आत्याने किक मारली. काही नाही. दुसरी किक. बुवाने डोळे मिटून घेतले. तिसऱ्या किकला गाडी अशी कडाडली की एका गिऱ्हाइकाच्या हातातला चहा सांडला.

रविवारी संघात सहा जणांची नावं लागली. पाचवं आत्याचं होतं.

त्याआधी सकाळी तिने अर्ज भरायला घेतला होता. त्यात 'गाडीचा मेकॅनिक' असा एक रकाना असतो, आणि दरवर्षी तिथे मिस्त्रींचं नाव असायचं. या वेळी मिस्त्रींनीच तिच्या हातातून पेन मागून घेतलं, तिघांची नावं लिहिली आणि रकाना अपुरा पडला म्हणून तिसरं नाव उभं लिहिलं.

मग ते वहीवालीकडे वळले. "तुमच्या त्या नकाशाची एक प्रत द्या. वेल्डिंग मशीनच्या वर लावणार आहे."

"कुठल्या बाजूने लावायचा ते मी दाखवीन," भिंगरी म्हणाली.