मागचं डावं दार

ज्यांना विश्वास ठेवायचा नाही त्यांनी ठेवू नका. माझं काही म्हणणं नाही. पण ही कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. माझ्या स्वतःच्या हातांखाली घडलेली आहे. स्वरूपला विचारूनच लिहितोय.

मी हितेंद्र. चिंचपोकळी स्टेशनजवळ, रेल्वेच्या भिंतीला लागून माझं छोटं गॅरेज आहे. गाड्यांचं वायरिंग, सेंट्रल लॉक, रिमोट ही माझी कामं.

गेल्या वर्षीचा मे महिना.

भुताची गोष्ट म्हटली की लोक रात्र धरून चालतात. इथे रात्र नव्हती. भर दुपार होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

स्वरूप माझा शाळेपासूनचा दोस्त, लालबागचा. त्याचे वडील गुणाजीकाका गोदीत क्रेन चालवायचे. त्यांनी फार पूर्वी एक गाडी घेतली होती. जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या आठवतात ना, त्याच घडणीची. काका वारले आणि गाडी स्वरूपकडे आली. त्याने वडाळ्याच्या एका शेडमध्ये ठेवून ती पार बदलून घेतली. रुंद टायर, गर्द हिरवा रंग, खाली बसवलेली बॉडी.

आणि दारांना बाहेरून हँडलच नाहीत.

हँडल काढून, भोकं पत्र्याने बुजवून वरून रंग मारलेला. दारं अंड्यासारखी गुळगुळीत.

"हित्या, खिशात हात घालायचा, बटण दाबायचं, दार उघडलं पाहिजे," स्वरूप म्हणाला. "बघणारा येडा झाला पाहिजे."

काम कठीण नव्हतं. प्रत्येक दारात एक छोटी मोटर. बटण दाबलं की लॉक सुटणार आणि स्प्रिंगने दार बोटभर बाहेर येणार. बॅटरी बसली तर माणूस आत अडकू नये म्हणून मी नेहमी एक चोरतार ठेवतो. गाडीच्या पोटाखालून ती ओढली की पुढचं दार उघडतं. या गाडीत आतली हँडलंही नव्हती, क्रोम करायला दिली होती. म्हणून तार आधीच टाकून घेतली.

तीन दारं झाली.

मग मागच्या डाव्या दाराचं आतलं कव्हर काढलं… आणि थांबलो.

लॉकची सळई बाइंडिंग वायरने बांधून टाकली होती. वेढ्यावर वेढे. पकडीने पिळून घट्ट केलेले. सगळं गंजलेलं. कुणीतरी ते दार कायमचं बंद केलं होतं.

स्वरूपला फोन लावला.

"पप्पांनीच केलं असेल रे. ते दार कधी उघडायचंच नाही. लहानपणापासून आम्ही उजवीकडूनच चढायचो. काप ना."

मी तार कापली.

मोटर बसवली, कव्हर लावलं आणि बटण दाबलं. तीन दारं सुटली.

मागच्या डाव्या दारातून आवाज आला…

टक.

तुम्हाला माहीत असेल, जुन्या गाड्यांना काचेखाली लॉकची खिटी असते. वर ओढली की उघडतं, खाली दाबली की बंद. सगळ्या खिट्या वर आल्या होत्या. ही एकटी खाली गेली होती.

वाटलं, वायर उलटी लागली. बदलली. पुन्हा बटण दाबलं. खिटी वर आली…

टक. पुन्हा खाली.

मग मी त्या मोटरची वायरच काढून टाकली आणि खिटी हाताने वर केली. हात काढून घेतला.

माझ्या डोळ्यांसमोर ती हळूहळू खाली गेली.

स्प्रिंग खराब असेल म्हणून बघायला मी मागच्या सीटवर वाकलो. तेव्हा भिंतीपलीकडून फास्ट लोकल जात होती. गॅरेजचा पत्रा थरथरताना मला दिसत होता. पण आवाज…

आवाज नव्हता. कसलाच.

सीटला हात टेकला. उजवीकडची सीट साधी होती. डावीकडची गरम होती. उन्हाची गरमी वेगळी असते. ही तशी नव्हती. तापाने फणफणलेल्या अंगाला हात लागावा, तशी होती.

मी झटकन बाहेर आलो. वायर परत जोडून टाकली आणि ठरवलं, स्वरूप आल्याशिवाय आता हात लावायचा नाही.

स्वरूप आला तेव्हा एकटा नव्हता. पाठोपाठ त्याची आई, मालनकाकी, जवळजवळ धावतच आली. पदर सुटलेला, धाप लागलेली.

"हितू, त्या दाराची तार कापलीस?"

"हो काकी. का?"

ती तिथेच पडलेल्या टायरवर मटकन बसली.

"अगं, जेवताना सहज बोललो, तर ताट सोडून उठलीस," स्वरूप वैतागून म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "काय झालंय तिला, कळत नाही."

काकीने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती गाडीकडे बघत होती.

"चंदू तापाने गेला, असं तुला सांगितलं होतं आम्ही," ती म्हणाली. "पण कुठे गेला, ते नाही सांगितलं."

चंदू म्हणजे स्वरूपचा मोठा भाऊ. स्वरूपच्या जन्माआधीच गेला. सहा वर्षांचा होता. घरात भिंतीवर त्याचा फोटो आहे, मीही पाहिलाय.

"परळला हॉस्पिटलच्या दारात गाडी थांबवली. मी स्ट्रेचर आणायला धावले. हे त्याला उचलायला उतरले आणि उजवीकडचं दार मागे आपटलं. चावी आतच. सगळी लॉक लागलेली, खिट्या दाबूनच दारं लावायची सवय आमची. माझं पोर आत, आम्ही बाहेर."

तिचा आवाज अगदी सपाट होता.

"मी काचेवर हात मारत होते. चंदू, खिटी वर ओढ रे बाळा. वर ओढ. डोळे तारवटलेले त्याचे. त्याला वर-खाली कळेना. तो खालीच दाबत होता… पुन्हा पुन्हा खालीच दाबत होता. ह्यांनी काच फोडली तोपर्यंत…"

तिने सुटलेला पदर खांद्यावर घेतला.

"नंतर गाडी नुसती उभी असली तरी ती खिटी वाजायची. म्हणून ह्यांनी तार बांधली."

तासाभरापूर्वी मी काय पाहिलं, ते मला बोलवेना.

स्वरूपचे डोळे भरले होते. पण तो मोठ्याने म्हणाला, "आई, ते सगळं जुनं झालं. आता नवीन मोटर आहे. हे बघ."

आणि त्याने रिमोट दाबला.

चारही दारं सुटली. मागचं डावं दारसुद्धा. बोटभर बाहेर येऊन… थांबलं.

काकी उठली. आम्हाला कळायच्या आत तिने ते दार उघडलं, आत बसली आणि ओढून घेतलं.

टक.

चारही लॉक एकदम लागली.

स्वरूपने बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. मी त्याच्या हातातून रिमोट ओढून घेतला, दाबत राहिलो. काही नाही.

"आई! आई, काच खाली कर!"

काकीला ऐकूच जात नव्हतं. ती एका बाजूला झुकली होती. मांडीवर कुणाचं तरी डोकं असावं तसा तिचा हात हळूहळू फिरत होता. ओठ हलत होते. काचा सगळ्या बंद. गॅरेजच्या तोंडाशी ऊन थेट टपावर आलेलं. तिच्या कपाळावरून घाम गळत होता. काकीला बीपीचा त्रास आहे.

मी जमिनीवर आडवा झालो, गाडीखाली घुसलो, चोरतार पकडून ओढली.

तार ताणली गेली…

आणि पलीकडून कुणीतरी ती परत ओढली.

माझ्या मुठीतून सरसर गेली. हात कापला.

बाहेर आलो, बॅटरीची वायर उपटली. आता गाडीत करंटच नव्हता. तरी आतून आवाज येत होता. टक… टक… एकेक खिटी कुणीतरी पुन्हा पुन्हा दाबून बघत होतं.

"फोड! हित्या, काच फोड!" स्वरूप रडत ओरडत होता. गुळगुळीत दारावर त्याची नखं घसरत होती. धरायला काही नव्हतंच. ती हँडलं त्यानेच काढून टाकली होती.

मी हातोडा घातला. पुढची काच फुटली. आतून भपकन गरम वारा तोंडावर आला. आत हात घालून मी पुढच्या दाराची खिटी वर ओढली.

ती खाली गेली.

पुन्हा ओढली. चिमटीत घट्ट धरून ठेवली.

आणि माझ्या बोटांवर कुणाची तरी बोटं आली. लहान. तापलेली. ती सगळा जीव लावून खाली दाबत होती.

मला दिसत काहीच नव्हतं. पण त्या बोटांत मस्ती नव्हती, राग नव्हता. ते पोर घाबरलेलं होतं. बाहेर यायला धडपडत होतं… आणि चुकीचं करत होतं.

"काकी!" मी ओरडलो. "काकी, त्याला सांगा! सोड म्हणावं!"

काकीची मान लटकली होती. तिने कसेबसे डोळे उघडले.

"चंदू," ती पुटपुटली, "सोड बाळा. तू नको दाबूस. हितूकाका उघडतील."

बोटं निघून गेली. खिटी वर आली.

आम्ही काकीला बाहेर ओढलं तेव्हा ती बेशुद्ध होती. टॅक्सीत घातलं आणि परळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. वाचली.

दोन-तीन दिवसांनी भेटायला गेलो. स्वरूप औषधं आणायला खाली गेला होता. काकीने माझा पट्टी बांधलेला हात हातात घेतला.

"हितू, माका भायेर काढलंस," ती तिच्या मालवणीत म्हणाली. "तेका?"



त्या आठवड्यात आम्ही गाडी टो करून वडाळ्याच्या शेडमध्ये नेली. मोटर, वायर, रिमोट, सगळं मी उपटून काढलं. मग मागचं डावं दार सताड उघडलं. स्वरूप माझ्या मागे उभा होता.

काय बोलायचं, कसं बोलायचं, काही कळत नव्हतं. शेवटी म्हणालो, "चंदू, दार उघडलंय बाळा. उतर. घरी जा."

काही झालं नाही.

आम्ही उभे राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. दार कधी लावायचं, हेही कळेना.

मग गाडी हलकेच वर आली. माणूस उतरल्यावर येते ना… तशीच. अगदी थोडीशी. लहान मूल उतरल्यासारखी.

स्वरूपने माझा खांदा घट्ट धरला. त्यालाही दिसलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. काकीच्या कानाशी वाकून मी सांगितलं, "काकी, उतरला तो. आम्ही उतरवला त्याला."

वाटलं होतं, तिला बरं वाटेल.

मग तिने विचारलं…

"मग घराक का नाय इलो तो?"

आता ती घरी आहे. तब्येत ठीक आहे. दाराची कडी दिवसभर लावू देत नाही, जिन्यात पाऊल वाजलं की मान वळवते.

मला झोप लागत नाही. ती वडाळ्याची शेड एका बाजूला आहे. समोर रेल्वेचं यार्ड. पलीकडे मिठागराची ओसाड जमीन. सहा वर्षांचं पोर. ताप अंगात. त्याने तो भाग कधी पाहिलेलाही नसणार.

मी त्याला म्हणालो, उतर, घरी जा.

घर कुठल्या बाजूला आहे, ते सांगितलंच नाही.