चुन्याच्या पोत्यांची आग

"रतनबाई, तुझी भट्टी उद्या सकाळपतुर हितनं हलली पायजे," मुकादम गोरक्षनाथ छपराभोवती जमलेल्या माणसांसमोर म्हणाला.

मिरजगावात नवी चावडी बांधली जात होती. तिच्या मागच्या भिंतीला टेकून गवताचं छप्पर घातलं होतं आणि त्यात बांधकामाचा कळीचा, म्हणजे अजून पाणी न घातलेला, चुना ठेवला होता. त्या छपराचा कोपरा आज दुसऱ्यांदा पेटला होता. शेजारच्या लिंबाखाली रतनबाई हरभरे भाजून फुटाणे विकायची. ठिणगी तिच्याच भट्टीतून उडाली, असं मुकादमाने ठरवून टाकलं आणि पाटलांनीही मान डोलावली.

"भट्टी म्या सकाळीच इझवली हुती," रतनबाई म्हणाली. "बाजाराची वाट हितनंच जाती. हितनं उठले तर माझ्याकडं येनार कोन?"



रतनबाईवरचा आळ इंदूला पटेना. ती आणि तिचा धाकटा भाऊ शामकांत सुट्टीला नगरहून मामांकडे आले होते. मामा गावच्या शाळेत मास्तर होते. गर्दी पांगताच इंदूने मामांच्या शेजारी राहणाऱ्या मच्छिंद्रला कोपराने ढोसलं. "चल, आत बघू या."

आत एका बाजूला चुन्याच्या पांढऱ्या खड्यांचा मोठा ढीग होता. जळाली होती ती कोपऱ्यातली पोती. मच्छिंद्र खाली वाकला.

"हितली माती वली हाय. भित पक्की व्हावी म्हनून गडी दुपारी पानी मारत्यात, त्ये झिरपतंय आत."

"म्हणजे पाण्याने आग लागली?" शामकांत हसला. "हे वर्गात सांगितलं तर गुरुजी मला बाकावर उभं करतील."

"कळीचा चुना भिजला की तापतो रे," इंदू म्हणाली. "पण मग हे खडेसुद्धा भिजलेत. ते नुसतेच उकललेत. पोतीच का जळाली?"

तिने काडीने एक पोतं उसकटलं. आत खडे नव्हते. गाडीत आदळून फुटलेल्या चुन्याचा भुगा मुकादमाने पोत्यांत भरून कोपऱ्यात ढकलला होता.

संध्याकाळी मामांनी छपरातला थोडा चुना मागून आणला आणि अंगणात तीन परळं, मातीची पसरट भांडी, मांडली. "चुना मी घालतो," मामांनी बजावलं. "डोळ्यांत उडाला तर डोळा जायचा. तुम्ही ओट्यावरून बघा."

एका परळात खडा, दुसऱ्यात तेवढाच भुगा. दोन्हींवर रांजणातलं सारखंच पाणी पडलं. खडा थोडा वेळ नुसता बसून राहिला, मग हळूहळू सुसकारे टाकू लागला. भुगा मात्र लगेच खदखदला आणि वाफेचा लोट उठला. तिसऱ्या परळातही भुगाच होता, पण त्यावर मामांनी उन्हात तापलेल्या घागरीतलं पाणी ओतलं. पाणी पडताच तो असा उसळला की शामकांत ओट्यावर दोन पावलं मागे सरकला.

"खडीसाखर विरघळायला वेळ लागतो आणि पिठीसाखर पटकन विरघळते, तसंच ना?" इंदूने विचारलं. "भुग्याच्या कणाकणाला पाणी एकदम लागतं."

"बरोबर. आणि पाणी आधीच गरम असेल तर क्रिया आणखी वेगाने होते," मामा म्हणाले.

"गडी भितीवर मारत्यात त्ये पानी पत्र्याच्या पिंपातलं असतंय," मच्छिंद्र सावकाश म्हणाला. "पिंप दिसभर उन्हात. हात घालवत न्हाई त्यात."

सकाळी तिघं मुकादमाकडे गेले. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. "चुना कालवण्यात माझं केस पिकलं, पोरांनो. जावा, सूरपारंब्या खेळा."

तोवर रतनबाईने भट्टी मोडली होती. कढई उलटी घालून ती लिंबाखाली बसून होती. तिच्याकडे बघून इंदू छपरासमोरच बसली. "आज इथून हलायचं नाही," तिने दोघांना सांगितलं.

दुपारी गड्यांनी पिंपातलं पाणी भिंतीवर मारलं. ऊन तापत गेलं, आणि कोपऱ्यातून धुराची रेघ वर चढली.

"पानी आना, पानी!" मुकादम ओरडला. गडी बादल्या घेऊन धावले. इंदू हात पसरून दारातच उभी राहिली.

"पाणी नको! पाण्यानेच पेटतंय. कोरडी माती टाका!"

"सरक पोरी!" मुकादम तिच्या अंगावर धावून आला, पण तोवर मच्छिंद्र आणि शामकांत घमेल्यांनी माती आत फेकू लागले होते. गडी बावचळले. मग एकाने बादली ठेवून फावडं उचललं, बाकीच्यांनी बांबूने पोती बाहेर ओढली. गवताला धग लागायच्या आत सगळं विझलं.

आरडाओरडा ऐकून पाटील आले. त्यांनी माती माखलेली पोती पाहिली, मग लिंबाखाली गेले आणि मोडक्या भट्टीच्या राखेत हात घातला.

"गार हाय," ते म्हणाले. "मुकादम, आज ठिनगी कुठनं आली?"

 पाटलांच्या मागोमाग आलेल्या मामांनी त्यांना परळांतला प्रयोग सांगितला. पाटलांनी तो दोनदा ऐकला. मग त्यांनी भुगा लांब उघड्यावर नेऊन पाणी घालून विरवायला लावला, आणि मुकादमाला रतनबाईची भट्टी स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून द्यायला सांगितलं.

"चुकलं माझं, बाई," विटा उचलताना मुकादम पुटपुटला. रतनबाई कुठली वीट कुठे बसवायची ते त्याला दाखवू लागली.

"मीबी न बघताच मान हलवली हुती," पाटील तिघांना म्हणाले. "तुमी बघितलंत. शाब्बास, पोरांनो." मग त्यांनी इंदूकडे मिशीतल्या मिशीत हसून पाहिलं. "पर पोरी, तुझं चुकलं असतं तर?"

इंदूने केसांतली माती झटकली. "तर छप्पर जळालं असतं, पाटीलबाबा. आणि मग मुकादमकाकांना चावडी आणि छप्पर अशी दोन बांधकामं करावी लागली असती."

सगळ्यांत आधी हसला तो मुकादमच.